बिनदाराच्या कपाटातली चोरी

१

बुधवारी सकाळी आमच्या शाळेत चोरी झाल्याचं कळलं. चोरी झाली ती अशा कपाटातून, ज्यातलं काहीही कुणीही उचलून न्यावं म्हणूनच ते ठेवलेलं होतं.

आधी कपाटाचं सांगते, नाहीतर म्हणाल म्हातारी बरळायला लागली. मी एलिझाबाई. श्रीरामपूरजवळच्या या मिशनच्या शाळेत बोर्डिंगचा स्वयंपाक एकतीस वर्षं माझ्या हातात आहे. शिक्षण दुसरी. पण चार सुना माझ्या शब्दाबाहेर नाहीत, आणि नऊशे पोरांतलं कोण उपाशी आलंय ते मला प्रार्थनेच्या रांगेत नुसतं तोंड बघून कळतं. सहा वर्षांमागं मोठ्या सिस्टरांना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांना, मीच म्हटलं होतं, "सिस्टर, फाटक्या बुटाचं पोरगं आपण ऑफिसात बोलावतो आणि चारचौघांसमोर नवे बूट देतो. ते बूट त्याला जन्मभर चावतात."

"मग कसं द्यायचं, एलिझाबाई?"

"द्यायचंच न्हाई. ठेवायचं. ज्याला लागंल तो नेईल."

तसं ते कपाट झालं. ग्लोरिया मॅडम ज्या खोलीत बसून पोरांच्या मनातलं ऐकून घेतात, त्या खोलीत. जुनं सागवानी कपाट, दार मी स्वतः उभी राहून काढायला लावलं. बूट, स्वेटर, वह्या, साबण, मुलींची पॅडं, आणि सगळ्यात खालच्या फळीवर माझा शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा. नेणाऱ्यानं न्यावं, लहान झालं की धुऊन परत ठेवावं. नाव नाही, विचारणं नाही. खोलीचं दार नुसतं लोटलेलं असायचं, कडी कधी लावायची नाही. पोरांनी कपाटाला नावच ठेवलं 'शिंगणापूर'. तिथल्या घरांना दारं नसतात ना, तसं.

हे नाव एकट्या ज्ञानेश्वर सरांना आवडायचं नाही. गणिताचे सर, नेवाशाकडचे, दोन वर्षांपूर्वी आलेले. "गावाच्या नावाची थट्टा करू नये," म्हणायचे. आणि मीटिंगमध्ये कपाटाचा विषय निघाला की तोंड कडू करून बसायचे.

सहा वर्षांत त्या कपाटातून गरजेपरीस एक पेन्सिल जास्त गेली नाही. याचा मला केवढा तोरा होता ते माझ्या सुनांना विचारा.

आणि बुधवारी सकाळी मच्छिंद्र शिपाई धापा टाकत चुलीपाशी आला.

"मावशी, शिंगणापूर धुऊन नेलं! येक फडकं ठिवलं न्हाई!"

माझ्या हातातली भाकरी तव्यावरच राहिली.

"आन् चोर बी घावलाय," तो म्हणाला. "मी डोळ्यांनी बघितलाय."

२

खोलीपाशी मोठ्या सिस्टर आणि ग्लोरिया मॅडम उभ्या होत्या. दार सताड उघडं. उंबऱ्यावर पोरांचं बाकडं आडवं.

"पळताना पाडलं असणार," सिस्टर म्हणाल्या.

मी वाकून बघितलं. पडलेलं बाकडं कसंही पडतं. हे कडेवर उभं केलेलं होतं, चौकटीच्या दोन्ही बाजूंना चिकटून, आणि आतून त्याला वीट टेकवलेली. बायकांनी आधी बघावं, मग बोलावं. माझ्या सुना उलटं करतात.

कपाट खरंच रिकामं होतं. खालच्या फळीवर तेवढा काळ्या बुटांचा एक जोड.

"जुने म्हणून टाकून दिले," मच्छिंद्र म्हणाला.

जुने होते खरे. पण असे पॉलिश केलेले की खिडकी दिसावी त्यात. नाड्या नव्या. डाव्या बुटात हात घातला तर चिठ्ठी लागली. सगळ्यांच्या पाठीमागं जाऊन एकेक अक्षर लावत वाचली: 'नंबर पाच. डावा दोन दिवस चावतो. मग चावत नाही.'

चिठ्ठी मी कमरेच्या पिशवीत टाकली. आणि मग मला बुटांखालचं दिसलं. त्या फळीवर माझ्या लाडवांच्या डब्याचा तेलकट गोल उमटलाय, सहा वर्षांचा. घासून जात नाही. बूट बरोबर त्या गोलाच्या मधोमध उभे होते.

"कोण बघितलास तू?" मी मच्छिंद्राला विचारलं.

तो सिस्टरांकडं बघायला लागला. सिस्टरच हळू आवाजात म्हणाल्या, "दहावीतली अफ्रीन. काल साडेपाचला या खोलीतून बाहेर पडताना."

गादीवाल्या गनीभाईंची अफ्रीन. गणितात पहिली, आणि घरात दहावीपर्यंत आलेलीही पहिलीच.

"तिला विचारलं, तर तोंड उघडत नाही," सिस्टर म्हणाल्या. "शुक्रवारी अकराला पुण्याहून पाहुणे येणार आहेत, ज्यांनी हे सामान दिलं ते. त्यांना काय दाखवू? सुताराला दार करायला सांगितलंय. कुलूप लागेल, नाव लिहून सामान मिळेल. आणि शुक्रवारी सकाळी गनीभाईंना बोलावते."

"मला शुक्रवारपर्यंत सोडा, सिस्टर. तोवर पोरीचं नाव आपल्या चौघांबाहेर जाऊ देऊ नका."

"तुम्ही काय करणार, एलिझाबाई?"

"जे एकतीस वर्षं करतीय तेच. कोण काय खाऊन आलंय ते बघनार."

३

मधल्या सुट्टीत अफ्रीनला मी तांदूळ निवडायला बसवलं. हात कामात असले की तोंड सुटतं. हिचं सुटेना.

"बूट तुझे," मी म्हटलं.

तिचे हात थांबले.

"घाबरू नकोस. चिठ्ठी माझ्यापाशी हाय. कुणाला दावली न्हाई."

मग रडली ती. ओढणीत तोंड घालून, आवाज न करता. गरिबाघरच्या पोरींना रडण्याचीही सवय अशीच लागते.

"मावशी, आठवीत नेले होते मी. अब्बूंना सांगितलं, शर्यतीत बक्षीस मिळाले. आता होत नाहीत, म्हणून ठेवायला गेले. कपाट आधीच रिकामं होतं, अल्लाकसम. मला वाटलं वाटून टाकलं असेल सगळं."

"मग हे सिस्टरांना का न्हाई सांगितलंस?"

"त्या अब्बूंना सांगतील ना. फुकटचे बूट घातले म्हणून. अब्बू उधारीचा दोरासुद्धा आणत नाहीत. म्हणतील, शाळा भीक शिकवते, घरी बस. परीक्षा पुढच्या महिन्यात आहे, मावशी."

"चोरीचं नाव लागलं तरी घरीच बसशील की गं."

"चोरीचं खोटं आहे. खोट्याला मी उत्तर देईन." तिनं डोळे पुसले. "बुटांचं खरं आहे."

काय पोरगी आहे बघा! आणि मी उगाच तिला ओरडले, "खडे नीट काढ, दात पडतील पोरींचे."

मग मच्छिंद्राला गाठला.

"अफ्रीन बाहेर आली तवा हातात काय हुतं?"

"पिशवी. कापडाची, लई मोठी."

"भरलेली?"

तो डोकं खाजवायला लागला. "न्हाई. घडी घालून काखंत धरल्याली."

"आन् बाकडं?"

"बाकडं तवाच आडवं हुतं. पोरगी वलांडून आली की."

"अरे मच्छिंद्रा, तुझ्या डोक्यात भुसा हाय का पेंड? चोर पिशवी भरून नेतो का घडी घालून?"

त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"आन् तिचे बूट माझ्या डब्याच्या गोलात हुते. डबा उचलल्याबिगर तिथं बूट मावतील का? म्हंजी डबा आधी गेला, बूट मागनं आले. पोरगी आली तवा चोरी होऊन गेल्ती."

"मंग चोर कोन?"

"पाच वाजता शाळा सुटली. साडेपाचला जादा तास सुटल्यावर अफ्रीन आली. त्या अर्ध्या तासात या इमारतीत कोन हुतं?"

त्यानं बोटं मोजली. "ग्लोरिया मॅडम हाफिसात. ज्ञानेश्वर सर दहावीच्या जादा तासाला, पन मधी पोरांना गणितं घालून एकटेच भाईर आल्ते. पोरं वर्गातनं हलली न्हाईत."

"आन् तिसरा?"

"तिसरं कुनी न्हाई."

"तिसरा तू," मी म्हटलं. तो माझ्याकडं असा बघायला लागला की जणू मी त्याच्या पानातली भाजी काढून घेतली.

४

आता बाकड्याचं. चोर एक तर दार लोटून घेतो, नाहीतर टाकून पळतो. उंबऱ्याला बाकडं आडवं लावून, वीट टेकवून कोण जातो? जो मुद्दाम करत नाही तोच. हात आपोआप करतात. मी भाकरी थापताना कुठं बघते?

दारापाशी कुणाचे हात काय करतात ते बघायचं ठरवलं. गुरुवारी दहाच्या चहाला एकेकाला स्वयंपाकघरात बोलावलं. खंड्या, आमचं लुच्चं कुत्रं, पायरीवर टपून असतंच.

पहिला मच्छिंद्र. चहा प्याला, कप विसळला, बाहेर जाऊन दार ओढलं, कडी घातली आणि ती तीनदा खडखडवून बघितली. मी आत कोंडली गेले. तीस वर्षांची सवय त्याची. "अरे मेल्या, उघड!" म्हणून ओरडावं लागलं.

मग ग्लोरिया मॅडम. नगर शहरातली पोर, गळ्यात माळेबरोबर किल्ल्या. आल्या आल्या आतून दार लावून घेतलं आणि चहा हातात तसाच धरून रडायला लागली.

"मावशी, माझंच चुकलं. सिस्टरांनी यादी मागितली आणि मी दिली."

"कसली यादी?"

"कपाटातलं सामान कोण कोण नेतं त्यांची. त्याच खोलीत बसते, मला दिसतंच. वीस मुलं. शुक्रवारी पाहुण्यांबरोबर त्यांचा फोटो आहे. कपाटासमोर उभं करून, हातात एकेक वस्तू देऊन. मोठा फलकही केलाय, 'लाभार्थी विद्यार्थी' म्हणून. सोमवारपासून यादी स्टाफरूमच्या टेबलावर आहे. मला तीन रात्री झोप नाही."

माझ्या कपाटापुढं! ज्यासाठी दार काढलं तेच!

"यादीत अफ्रीन हाय?"

"पहिलं नाव."

ती गेली. जाताना एका हातात कप, दुसऱ्यात बशी, तरी कोपरानं दार ओढून घेतलं.

शेवटी ज्ञानेश्वर सर. बुधवारभर ते ट्रेनिंगला होते, आज परतलेले. दारात येऊन टकटक केली नाही. कधीच करत नाहीत. बाहेरूनच हाक दिली, "मावशी, आहात का?"

चहा घ्यायला बाही वर सारली, तर हातभर बारीक बारीक चरे. लाल, ताजे.

"मांजरानं ओरबाडलं का काय, सर?"

"बागेत काम केलं जरा," ते म्हणाले आणि बाही खाली ओढली.

चरे मला कळले होते. बाप माझा जन्मभर ऊसतोडीला जायचा. मांजराची नखं तशी लागत नाहीत. तसं फक्त उसाचं वाळलेलं पाचट कापतं.

सर निघाले. दार उघडंच टाकून चार पावलं गेले. खंड्या उठला. सर वळून परत आले, दाराला हात लावला नाही, कोपऱ्यातलं स्टूल उचललं, उंबऱ्यावर आडवं केलं आणि पायानं त्याला माझा पाटा टेकवला.

"कुत्रं येईल आत," म्हणाले आणि गेले.

मी स्टुलाकडं बघत राहिले. दूध उतू गेलं.

५

लग्नानंतर एकदा शेजारच्या गोजरबाईबरोबर मी शिंगणापूरला गेले होते. तिला देवाचं दर्शन, मला दारं नसलेली घरं बघायची हौस. एका घरात पाणी मागितलं. घरची बाई शेताला निघाली होती. तिनं उंबऱ्याला एक फळी आडवी लावली, मागं दगड टेकवला. मी विचारलं, "बाई, फळीनं चोर अडतो व्हय?" ती हसली. "चोराला न्हाई वं. कुत्र्याला."

नेवाशाकडचे सर! शिंगणापूरही नेवासा तालुक्यातच की.

आता सामान. ज्याच्या गावात कुलूपच नाही तो माणूस वस्तू कुलपात लपवायचा नाही. उघड्यावर ठेवील, जिथं कुणी बघत नाही तिथं. आणि शाळेत पाचट एकाच ठिकाणी आहे. नाताळचा गोठा. बाळ येशूच्या गोठ्याला आम्ही दरवर्षी पाचटाचं छप्पर करतो. नुकताच उतरवून हॉलच्या स्टेजखाली ठेवलेला.

मी गुडघे धरत स्टेजखाली गेले. योसेफ, मरिया, दोन मेंढ्या, एक गाय कान तुटलेली. त्यांच्यामागं पाचटाखाली सगळं होतं. स्वेटर घड्या घालून, बूट जोडीनं, पॅडं वेगळ्या पिशवीत की कुणाला दिसू नयेत. माझा डबा गाईच्या पुढ्यात. झाकण काढून मोजले. एक लाडूसुद्धा कमी नव्हता.

"मावशी," मागून आवाज आला. सर वाकून उभे होते, मला स्टेजखाली शिरताना बघून आलेले.

"या सर. मेंढ्यांच्या शेजारी बसा. शिंगणापूरचे ना तुम्ही?"

ते खालीच बसले. "कशावरून?"

"स्टुलावरून."

छपरातलं थोडं पाचट हातात घेतलं. मग म्हणाले, "गावाचं नाव सांगितलं की लोक दारांचंच विचारतात, मावशी. माझं कुणी विचारत नाही. म्हणून नेवासा सांगतो." हातातलं पाचट चुरगाळत राहिले. "सातवीत मला एका संस्थेनं दप्तर दिलं. स्टेजवर उभं करून फोटो काढला. पुढच्या वर्षी तो कॅलेंडरवर छापून आला. गावातल्या न्हाव्याच्या दुकानात वर्षभर लटकत होता. केस कापायला बसलो की समोर मीच, हात पसरून. सोमवारी टेबलावर ती यादी बघितली आणि…"

"आन् मीटिंगमधी तोंड कडू करून का बसायचा?"

"कपाटाची भीती नव्हती. आज ना उद्या कुणीतरी कॅमेरा घेऊन येणार, त्याची होती. रिकाम्या कपाटापुढं कुणाला उभं करतील? शनिवारी सगळं परत ठेवणार होतो." आता त्यांची बोली सुटली. "आमच्या गावात घराला दार न्हाई, मावशी. पन मान्साच्या लाजंला तरी दार असावं का न्हाई?"

मी गाईच्या तुटक्या कानावरचं पाचट झाडलं.

"लेकरा," मी म्हटलं, "तू सामान वाचवलंस, पन पोरगी बुडवलीस."

"कोणती पोरगी?"

सांगितलं तसा त्यांचा चेहरा पाटीसारखा काळा पडला. उठताना डोकं स्टेजला आपटलं, ते चोळलंही नाही. सरळ ऑफिसकडं चालायला लागले.

६

ऑफिसात सरांनी सगळं कबूल केलं. सिस्टर ऐकत होत्या. चांगली बाई आहे ती, पाहुण्यांकडून मुलींच्या संडासांचं काम करून घ्यायचं म्हणून फोटोला हो म्हणून बसलेली. शेवटी कडक आवाजात म्हणाल्या, "सर, न विचारता कपाट रिकामं केलंत."

मी मधे पडले. "सिस्टर, कपाट तर शुक्रवारी रिकामं होनारच हुतं. एकदा फोटो निघाला की एक पोर तिकडं फिरकलं नसतं. यांनी तीन दिस आधी केलं, एवढंच."

सिस्टर भिंतीवरच्या क्रुसाकडं बघत राहिल्या.

"आणि अफ्रीन? ती तिथं कशाला गेली होती?"

"द्यायला गेल्ती," मी म्हटलं. "काय, ते इचारायचं न्हाई. कपाटाचा नियम हाय. तुमीच मान्य केलेला."

सिस्टरांनी स्टाफरूममधून यादी मागवली, तिचे चार तुकडे केले, आणि ते माझ्या हातात दिले. "चुलीत घाला, एलिझाबाई." मग फोनजवळची गनीभाईंच्या नंबराची चिठ्ठी उचलली आणि तीही दिली. अफ्रीनला बोलावून म्हणाल्या, "माझी चूक झाली, बेटा." दहावीच्या पोरीपुढं मुख्याध्यापिका! अशी शाळा दाखवा मला दुसरी.

शुक्रवारी पाहुणे आले. कपाट भरलेलं, दार नसलेलं. पाहुण्या बाईंनी चहूकडं बघितलं. "छान आहे. पण ज्यांना मदत मिळाली ती मुलं कुठं आहेत? फोटो घेऊ या."

सिस्टरांनी खिडकी उघडली. मैदानावर कवायत चालली होती. नऊशे पोरं, पांढरे सदरे, काळे बूट, पुढं ढोल घेऊन अफ्रीन.

"त्यांच्यातच आहेत," सिस्टर म्हणाल्या. "ओळखा."

बाई बराच वेळ बघत राहिल्या. शेवटी त्यांनीच फोटोवाल्याला कॅमेरा खाली घ्यायला सांगितलं. संडासांचं काय होणार ते अजून कळलं नाही. न झाले तर आम्ही बघून घेऊ.

सुतारानं केलेलं दार वाया गेलं नाही. दोन पिंपांवर आडवं टाकून स्वयंपाकघरात त्याचं टेबल केलंय. जादा तासानंतर अफ्रीन त्यावर गणितं सोडवते, समोर ज्ञानेश्वर सर बसतात, आणि जाताना स्टूल आडवं लावतात. मी आता ते हलवत नाही.

चिठ्ठी मी परत डाव्या बुटात घालून ठेवली होती. सोमवारी सकाळी बूट कपाटात नव्हते.

भाकऱ्या करता करता खिडकीतून मैदान दिसतं. एक पोर डावा पाय जरासा उचलून टाकत रांगेकडं चालली होती. तिचं तोंड वळायच्या आत मी तव्याकडं बघितलं.

दोन दिवसांनी नीट चालायला लागेल.